पोर्ट कुणी बंद केला?

आमच्या कॉलेजच्या नेटवर्कची माहिती तीन ठिकाणी असायची: एक एक्सेल फाइल, रॅकच्या दाराला आतून चिकटवलेला कागद आणि आमच्या सीनियर टेक्निशियनचं डोकं. तिन्हींचा एकमेकांशी मेळ नसे, आणि वाद झालाच तर डोकं प्रमाण मानायचं असा अलिखित नियम होता. ते डोकं जूनअखेर निवृत्त होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही मार्चअखेरचं स्टॉक व्हेरिफिकेशन उरकेपर्यंत कुणी हललं नाही.

आमचा कॅम्पस म्हणजे साठेक स्विच (नेटवर्कच्या तारा ज्यांच्या भोकांत, म्हणजे पोर्टमध्ये, लावतात त्या पेट्या), दोन हॉस्टेल, मेन बिल्डिंग, वर्कशॉप, लायब्ररी आणि मधोमध एक सर्व्हर रूम. संस्थेची खरेदी एल-वनने होते, म्हणजे ज्याचा दर कमी त्याचा माल. त्यामुळे चार वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच शेजारीशेजारी नांदतात. प्रत्येकाचं वेब पेज वेगळं, कमांड वेगळ्या. एखादा पोर्ट एका व्हीलॅनमधून (एकाच स्विचवर केलेल्या वेगळ्या नेटवर्कमधून) दुसऱ्यात टाकायचा तर आधी तो स्विच कुठल्या कंपनीचा ते आठवायचं, मग पासवर्ड, मग पुट्टी, म्हणजे कमांड द्यायची काळी खिडकी. त्यातच एका उन्हाळ्यात इमारतीला रंग दिला गेला आणि रंगाऱ्यांनी आयओ बॉक्सवरचे (भिंतीतल्या नेटवर्कच्या सॉकेटवरचे) नंबर भिंतीइतक्याच सफाईने रंगवून टाकले. भिंतीतली कुठली तार कुठल्या पोर्टला जाते हे तेव्हापासून टोन टेस्टर (तारेत आवाज सोडून तिचं दुसरं टोक शोधायचं यंत्र) लावूनच कळायचं.

यावर उपाय म्हणजे नेटडिस्को, नेटवर्कमध्ये काय कुठे जोडलंय ते शोधून ब्राउझरमध्ये दाखवणारं सॉफ्टवेअर. ते आमच्याकडे आधीपासून होतं, पण जुनं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ कॅम्पसमध्ये तिथल्याच नेटवर्कवाल्यांच्या गरजेतून ते जन्मलं आणि २००३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. पर्लमध्ये लिहिलेलं आहे, माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साठवतं, फुकट आहे. कुणी कॅम्पसवाल्यानेच बनवलंय हे वापरताना जाणवतं, कारण आमच्यासारख्यांना पडणारे प्रश्नच ते विचारतं: हा लॅपटॉप कुठल्या पोर्टवर आहे? हा पोर्ट रिकामा आहे का? या स्विचच्या पलीकडे काय आहे? आम्ही मात्र त्याचा उपयोग फक्त मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) शोधायला करत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत नवी आवृत्ती टाकायची आणि बाकीचं सगळं चालू करायचं, असं ठरलं.

सॉफ्टवेअर बसवणं हा यातला सर्वांत सोपा भाग. जुन्या सर्व्हरवर एक व्हर्च्युअल मशीन, त्यात लिनक्स, पोस्टग्रेस, मग नेटडिस्को. ब्राउझरमध्ये पोर्ट ५००० (हा स्विचवरचा नव्हे, पत्त्यापुढे लिहायचा आकडा) उघडला की झालं. खरं काम स्विचपाशी होतं.

हे टूल स्विचशी बोलतं ते एसएनएमपीने, म्हणजे नेटवर्कच्या उपकरणांना दुरून माहिती विचारायच्या आणि हुकूम द्यायच्या ठरलेल्या भाषेने. आमच्या निम्म्या स्विचवर एसएनएमपीची दुसरी आवृत्ती चालू होती, आणि तिचा परवलीचा शब्द कंपनीकडून आला तसाच: पब्लिक. नुसतं वाचायचं असतं तोवर हे चालवून घेतलं जातं. पण आता ब्राउझरमधून पोर्ट बंद-चालू करायचे म्हणजे टूलला स्विचवर लिहिण्याची परवानगी द्यावी लागणार. दुसऱ्या आवृत्तीत तो शब्द तारेवरून उघडाच जातो. हॉस्टेलमध्ये वायरशार्क (तारेवरून जाणारं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) येणारी पोरं आहेत, आणि ती आमचीच विद्यार्थी आहेत, आम्हीच शिकवलंय. म्हणून तिसरी आवृत्ती घ्यायची, वाचण्यासाठी एक युजर आणि लिहिण्यासाठी वेगळा, दोन्हींना ओळख पटवणं आणि एन्क्रिप्शन सक्तीचं, आणि स्विचने फक्त नेटडिस्कोच्याच पत्त्याला उत्तर द्यायचं. टूलमध्ये या जोड्या क्रमाने लिहून ठेवता येतात. एक चालली नाही तर ते पुढची लावून बघतं, आणि कुठली जोडी कुठल्या स्विचसाठी हेही बांधून देता येतं. मे महिन्याचा बराचसा भाग या दोन युजरांपायी कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडायची तार) गळ्यात अडकवून गेला. जुन्या बिल्डिंगमधल्या काही स्विचना तिसरी आवृत्ती येतच नाही. त्यांना फक्त वाचण्यापुरतं ठेवलं.

मग पहिला शोध. टूलला एकच पत्ता द्यायचा, सर्व्हर रूममधल्या कोअर, म्हणजे मधल्या मुख्य स्विचचा. ते त्याला विचारतं, तुझे शेजारी कोण? कोअर एलएलडीपीतून (स्विच शेजारच्या स्विचला स्वतःची ओळख सांगतो ती सोय) मिळालेली शेजाऱ्यांची नावं सांगतो. टूल त्यांच्याकडे जातं, त्यांच्या शेजाऱ्यांना विचारतं, आणि असं करत सगळा कॅम्पस फिरून येतं. पडद्यावर एकेक स्विच उगवताना बघायला मजा येते, पण आमची मजा लायब्ररीपाशी अडली. त्यापुढचं काहीच दिसेना. एका कंपनीच्या स्विचमध्ये एलएलडीपी मुळात बंदच येतं हे कारण. ते चालू केल्यावर पलीकडचे सगळे आले, आणि त्यांच्याबरोबर एक अशी गोष्ट आली जी एक्सेलमध्ये नव्हती, कागदावर नव्हती. मुलींच्या हॉस्टेलची फायबर थेट सर्व्हर रूममध्ये येते असं आम्ही वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. नकाशात ती लायब्ररीच्या रॅकमधून येत होती. लायब्ररीची लाइट गेली की हॉस्टेलचं नेट का जातं, हे कोडं तिथं सुटलं. सीनियर टेक्निशियनना दाखवलं तर ते शांतपणे म्हणाले, "हो, जेसीबीने केबल तोडली होती तेव्हा तात्पुरतं केलं होतं." आता लायब्ररीच्या रॅकला वेगळा यूपीएस आहे.

टूल किती वेळाने काय गोळा करतं हे वापरणाऱ्याला माहीत असलेलं बरं. मूळ सेटिंगमध्ये स्विचची स्वतःची माहिती रोज सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी, मॅक अ‍ॅड्रेस दर तासाच्या २० व्या मिनिटाला आणि कुठल्या मॅककडे कुठला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) ही जोडी ५० व्या मिनिटाला गोळा होते. म्हणजे सव्वादहाला तक्रार आली तर पडद्यावर दिसतं ते ९ वाजून २० मिनिटांचं चित्र. घाई असेल तर त्या स्विचच्या पानावर जाऊन ताजी माहिती मागवायची बटणं आहेत. ही बटणं आमच्या लॅब असिस्टंटना पहिल्याच दिवशी दाखवली, नाहीतर टूल खोटं बोलतं अशी आवई उठली असती.

हॉस्टेलमधला नेहमीचा प्रकार सांगतो. एखादा मुलगा घरून राउटर आणतो आणि भिंतीतली केबल त्याच्या चुकीच्या भोकात, म्हणजे लॅन पोर्टमध्ये, खोचतो. राउटर इमानदारीने अख्ख्या मजल्याला स्वतःच्या मनाचे आयपी वाटू लागतो. सगळ्यांचं वायफाय जोडलेलं दिसतं आणि नेट मात्र कुणाचंच चालत नाही. नव्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (परक्या यंत्राला आयपी वाटू न देणारी सोय) लावलं की हा प्रकार थांबतो. जुन्यांवर ती सोय नाही, तिथं शोधावं लागतं. बाधित लॅपटॉपवर गेटवेचा (लॅपटॉप ज्याच्यातून बाहेर जायला बघतो त्या यंत्राचा, इथं त्या राउटरचा) मॅक अ‍ॅड्रेस बघायचा, तो टूलमध्ये टाकायचा. उत्तरात स्विचचं नाव, पोर्ट, पहिल्यांदा कधी दिसला, शेवटचा कधी दिसला. पूर्वी याच कामाला विंगमधल्या एकेका खोलीचं दार वाजवत फिरावं लागे.

एकाच पोर्टवर सात-आठ मॅक दिसले तर तिथं कुणीतरी पाचशे-सातशेचा छोटा स्विच टेबलाखाली लावलाय हे ओळखावं. तो स्वतः टूलला दिसत नाही, त्याला एसएनएमपी नाही की एलएलडीपी नाही. पण त्याच्यामागची गर्दी लपत नाही. स्टाफ रूममधले असे बरेच निघाले. त्यातले काही आम्हीच कधीकाळी दिलेले.

मोबाइलच्या बाबतीत मात्र फार आशा ठेवू नये. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक वापरतात. मॅकमधला दुसरा आकडा २, ६, ए किंवा ई असेल तर तो फोनने स्वतः बनवलेला आहे असं समजायचं. असा मॅक घेऊन मुलगा शोधता येत नाही. तिथं लॉगिनची नोंदच बघावी लागते.

आता ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते पोर्ट कंट्रोल. ब्राउझरमध्ये स्विचचं पान उघडायचं, पोर्टच्या ओळीवर माउस नेला की बंद-चालू करायचं चिन्ह येतं. तसंच पोर्टचं नाव बदलता येतं, परवानगी दिली तर व्हीलॅन बदलता येतो, पीओई (नेटवर्कच्या तारेतूनच दिली जाणारी वीज) बंद-चालू करता येतं. चारही कंपन्यांच्या स्विचना एकच पान. बातमी पसरली तशी प्रत्येक विभागप्रमुखांना ही सोय स्वतःच्या असिस्टंटकडे हवीशी वाटू लागली, आणि माझ्या पोटात गोळा आला. अपलिंक, म्हणजे स्विचला पुढच्या स्विचशी जोडणारा पोर्ट, बंद केला तर अख्खी बिल्डिंग जाते. तो पोर्ट मग ब्राउझरमधून पुन्हा चालूही करता येत नाही, कारण टूलचा रस्ता त्याच पोर्टवरून जातो. नशिबाने टूल बनवणाऱ्यांना ही भीती ठाऊक आहे. अपलिंकला हात लावायचा नाही, आयपी फोन असलेल्या पोर्टला लावायचा नाही, असे लगाम सेटिंगमध्ये आहेत.

त्यातला एक लगाम मला फार आवडला: फक्त पोर्टचं नाव बदलू द्यायचं, बाकी काही नाही. जूनमध्ये आम्ही तेवढंच चालू केलं. विभागांच्या असिस्टंटना सांगितलं, तुम्हाला कंट्रोल हवाय ना, आधी तुमच्या लॅबमधल्या प्रत्येक पोर्टला खोली आणि आयओ नंबर लिहा. रंगाऱ्यांनी पुसलेलं सगळं परत लिहिलं गेलं, आणि या वेळी भिंतीवर नाही, स्विचच्या पोटात. सगळ्यांनी सारख्या उत्साहाने केलं असं नाही. सिव्हिलने आठवड्यात संपवलं. एका विभागाचे पोर्ट अजूनही "लॅब", "लॅब नवीन" आणि "लॅब नवीन २" आहेत. पण सीनियर टेक्निशियन निवृत्तीच्या आधीचे शेवटचे काही दिवस आमच्याबरोबर बसले, आणि त्यांच्या डोक्यातलं बरंच काही त्या एका रकान्यात उतरलं.

त्यानंतर नव्या आवृत्तीतली भूमिकांची सोय वापरली. आधी पोर्ट कंट्रोल म्हणजे सगळं किंवा काहीच नाही असं होतं. आता भूमिका बनवून तिला ठरावीक स्विच जोडता येतात. इलेक्ट्रिकलच्या असिस्टंटना पूर्ण कॅम्पस दिसतो, पण हात लावता येतो फक्त इलेक्ट्रिकलच्या मजल्याला. व्हीलॅन बदलणं मी कुणालाच दिलं नाही. त्यावरून एका विभागप्रमुखांशी जरा बोलाचाली झाली. परीक्षेच्या वेळी लॅबचा व्हीलॅन बदलावा लागतो, मग प्रत्येक वेळी तुमच्याकडे कशाला यायचं, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. माझं म्हणणं एवढंच की ऑनलाइन परीक्षेच्या सकाळी साडेआठला चुकीच्या व्हीलॅनमध्ये गेलेली लॅब परत आणायला मलाच यावं लागणार आहे, तर आधीच येतो. हा वाद अजून मिटलेला नाही.

पोर्ट बंद करताना टूल एक छोटी खिडकी उघडतं आणि कारण विचारतं. यादीतलं एक कारण निवडायचं (बँडविड्थचा गैरवापर, कॉपीराइटची तक्रार, परवानगीशिवाय जोडणी, इतर), खाली दोन शब्द लिहायचे, मगच पोर्ट बंद होतो. चालू करताना पुन्हा तेच. कोणी, कुठून, कधी, का, हे सगळं त्या पोर्टच्या नावावर साठत जातं. जमिनीच्या सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद पडते तशी. सुरुवातीला सगळे वैतागले. कारणाच्या जागी "काम", "सरांनी सांगितलं" अशा नोंदी पडत होत्या. कुठल्या सरांनी, हे विचारायला मग फोन करावा लागे.

एका संध्याकाळी रेक्टर मॅडमचा फोन आला. "सर, बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांचं नेट बंद आहे. पालक फोन करतायत. कुणी बंद केलं?" पूर्वी या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर असे: बघतो. या वेळी पोर्टची नोंद उघडली. दुपारी आमच्याच ऑफिसातून बंद केलेले, कारण परवानगीशिवाय जोडणी, खाली लिहिलेलं: राउटर आयपी वाटतोय, खोलीतला मुलगा गावी गेलाय, सोमवारी येईल. पण हे एका खोलीचं होतं. बाकी दोन खोल्यांचे पोर्ट चालू होते, पलीकडे जिवंत कुणी नव्हतं. त्या दोन खोल्यांना तारा पहिल्या खोलीतून ओढल्या होत्या, खिडकीबाहेरून. मॅडमना तसं सांगितल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता, मग "बघते मी त्यांच्याकडे". पालकांचे फोन त्यानंतर आले नाहीत.

तेव्हापासून कारणाचा रकाना भरायचा माझा आग्रह जास्तच कडक झाला. दुसऱ्याने बंद केलेला पोर्ट न विचारता चालू करायचा नाही, आधी नोंद वाचायची, एवढी एकच शिस्त. भांडणं कमी झाली असं म्हणणार नाही, पण ती आता वेगळ्या विषयांवर होतात.

पीओईचं बटण मात्र सर्वांत लाडकं ठरलं. कॅमेरे आणि वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट अधूनमधून हँग होतात. उपाय एकच, वीज काढून परत देणं. पूर्वी पावसात छत्री घेऊन हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर रॅकपर्यंत जायचं, पॅच कॉर्ड काढायची, लावायची, परत यायचं. आता खुर्चीतून. याच पानामुळे आणखी एक गोष्ट कळली. आमच्या २४ पोर्टच्या स्विचवर पीओईसाठी एकूण ३७० वॅट मिळतात. जुने अ‍ॅक्सेस पॉइंट जास्तीत जास्त १५.४ वॅट मागायचे, तेव्हा हिशेब बरोबर बसत होता, २४ गुणिले १५.४ म्हणजे ३६९.६. नव्यांना प्रत्येकी ३० वॅटपर्यंत लागतात. अर्धे पोर्ट भरले की वीज संपते, आणि मग शेवटी लावलेला कॅमेरा चालू होत नाही. पीओईच्या रिपोर्टमध्ये कुठल्या स्विचची किती वीज खर्च झाली ते एका नजरेत दिसलं, आणि केबल खराब आहे म्हणून बदलायला काढलेल्या दोन केबली वाचल्या.

एक गोष्ट टूलबाहेरची, पण टूल वापरणाऱ्याला छळणारी. एसएनएमपीने केलेला बदल काही कंपन्यांच्या स्विचमध्ये चालू कॉन्फिगरेशनमध्येच राहतो, तो वेगळा सेव्ह करावा लागतो. आमच्याकडे लाइट जाते, यूपीएस किती दम धरेल ते बॅटरीच्या वयावर. स्विच रीस्टार्ट झाला की बंद केलेला पोर्ट आपोआप चालू, आणि नोंदवहीत मात्र तो बंदच. हे कळलं तेव्हा रोज रात्री सगळ्या स्विचवर जाऊन सेव्ह करणारी एक स्क्रिप्ट लिहिली. तिच्याच जोडीला ऑक्सिडाइज्ड बसवलं, ते प्रत्येक स्विचच्या कॉन्फिगरेशनची प्रत ठेवतं आणि काल-आजमधला फरक दाखवतं.

रिकामे पोर्ट शोधण्याच्या कामातही लाइट आडवी आली. अमुक महिने बंद असलेला पोर्ट रिकामा धरा, असं टूलला सांगता येतं. पण पोर्ट कधीपासून बंद आहे हे स्विच स्वतःच्या घड्याळाने मोजतो, आणि रीस्टार्ट झाला की ते घड्याळ शून्यापासून. पुस्तकात लिहिलेलं असतं की हा आकडा सुमारे ४९७ दिवसांनी उलटून परत शून्यावर येतो. आमच्या एकाही स्विचला ते भाग्य लाभणार नाही. म्हणून आम्ही त्याच्या जोडीला त्या पोर्टवर शेवटचा मॅक कधी दिसला ते बघितलं. दोन्ही मिळून इतके रिकामे पोर्ट निघाले की कॉम्प्युटर विभागाची नव्या स्विचची मागणी परत पाठवली. त्याबद्दल तिथले लोक अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

डेडस्टॉक रजिस्टरचं (संस्थेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीचं) काम मी सर्वांत शेवटी घेतलं. टूलकडे प्रत्येक स्विचचं मॉडेल, सीरियल नंबर, आतली मॉड्यूल, सॉफ्टवेअरची आवृत्ती सगळं असतं आणि नव्या आवृत्तीत ते एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्रॅमला माहिती द्यायच्या सोयीतून) बाहेर काढता येतं. आपल्या मर्जीचे रकानेही जोडता येतात. आम्ही डेडस्टॉक नंबर आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपायची तारीख असे दोन जोडले. मग छोट्या पायथन स्क्रिप्टने रजिस्टर आणि टूल समोरासमोर ठेवलं. फरक निघणार हे माहीत होतं. स्टॅक केलेले, म्हणजे एकत्र जोडून एकच म्हणून चालवलेले, दोन स्विच टूलमध्ये एक दिसतात, रजिस्टरमध्ये दोन. ते मॉड्यूलच्या यादीतल्या सीरियल नंबरवरून जुळवले. वॉरंटीत बदलून आलेल्यांचे सीरियल रजिस्टरमध्ये जुनेच होते. आणि एक स्विच रजिस्टरमध्ये "लायब्ररी, कपाटात" असा होता, तो वर्कशॉपच्या फॉल्स सीलिंगमध्ये जोरात चालू सापडला. त्याच्यावर चढायला शिडी आणून देणारे प्यून मामा म्हणाले, हा तर लॉकडाऊनच्या आधीपासून आहे इथं. त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

इशारे देणं, ट्रॅफिकचे आलेख काढणं हे या टूलचं काम नाही, त्यासाठी लिब्रेएनएमएस वेगळं चालतं. जुन्या बिल्डिंगमधले ते फक्त वाचता येणारे स्विच अजून तसेच आहेत. तिथला पोर्ट बंद करायचा तर आजही जिना चढून जावं लागतं, आणि नोंद हाताने टाकावी लागते. पुढच्या खरेदीच्या स्पेसिफिकेशनमध्ये या वेळी एसएनएमपी तिसरी आवृत्ती वाचायला आणि लिहायला, एलएलडीपी मुळात चालू, पीओई किमान ७४० वॅट, अशा ओळी घातल्या आहेत. खरेदी समितीत अकाउंटंट मॅडमनी पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ही काढली तर दर किती खाली येईल?" बैठक पुढच्या आठवड्यात पुन्हा आहे.